पथकप्रमुखाच्या आईचा दहावा

सोनाबाईंच्या पिंडाला कावळा शिवत नव्हता, आणि त्याला कारण दिनानाथ आहे याबद्दल वावळखारात दुमत नव्हतं. एरवी या गावात कशावरही एकमत होत नाही. तळ्यातला गाळ काढावा की न काढावा यावरून ग्रामसभा उधळलेल्या आहेत. पण दहाव्याच्या सकाळी तळ्याच्या पायऱ्यांवर जमलेली झाडून सगळी माणसं एकदा पिंडाकडे, एकदा पिंपळावरच्या कावळ्याकडे आणि मग दिनानाथकडे बघत होती. दिनानाथकडे जरा जास्त वेळ.

मुळात कावळा आला होता हेच विशेष. उरणच्या बाजूला बंदर झाल्यापासून कावळ्यांनी आपला मुक्काम ट्रेलरवाल्यांच्या ढाब्यांमागे हलवला आहे. तिथे त्यांना बिर्याणी मिळते. नुसत्या भाताच्या गोळ्यासाठी तळ्यावर यायला ते आता फारसे राजी नसतात, आणि मग भटजींना दर्भाचा कावळा करून वेळ मारून न्यावी लागते. सोनाबाईंच्या नशिबाने एक खराखुरा आला होता. खालच्या फांदीवर बसून तो पिंडाकडे टक लावून बघत होता, मधूनच चोच फांदीला पुसत होता, आणि खाली काही उतरत नव्हता. कावळा आलाच नाही तर लोक बंदराला शिव्या घालून मोकळे होतात. येऊन बसलेला आणि न शिवणारा कावळा मात्र घरच्यांची अब्रू घेतो.

दिनानाथ बंदराच्या रस्त्यावर ट्रेलरच्या टायरांची पंक्चर काढतो. हा त्याचा धंदा. वावळखार ग्राम अग्निशमन पथकाचा तो प्रमुख आहे, हे त्याचं दुखणं. पूर्वी गावात आग लागली की तालुक्याहून बंब निघायचा, फाटकात अडकायचा, मग ट्रेलरच्या रांगेत अडकायचा, आणि गावात पोचेपर्यंत आग विझलेली असायची, कारण जळायला काही उरलेलं नसायचं. शेवटी खाडीपलीकडच्या एका कारखान्याने आपला जुना पंप गावाला देऊन टाकला. दिपेश नावाच्या पोराने आपला टेम्पो दिला. त्याच्यावर पाण्याची टाकी आणि पंप चढवला आणि पथक तयार झालं. पगार नाही, भत्ता नाही. गणवेश म्हणून नारिंगी टी-शर्ट आले होते, ते पहिल्या धुण्यात आखडले आणि आता पथकातल्यांच्या मुली घालतात.

वणवे, मीटरमधल्या ठिणग्या, विहिरीत पडलेली म्हैस, मिठागराच्या चिखलात कमरेपर्यंत रुतलेला मोजणीवाला, लग्नाच्या मांडवात शिरलेली धामण, असं काहीही असलं की पथकाला बोलावणं यायचं. बोलावणं आलं की दिनानाथ हातातलं टाकून पळायचा. मेहुण्याच्या हळदीतून तो पळाला होता. एकदा न्हाव्याच्या खुर्चीवरून अर्धी दाढी घेऊन पळाला होता आणि उरलेली अर्धी त्याने दुसऱ्या दिवशी केली. पंक्चरच्या दुकानात त्याला कुणी नावाने हाक मारत नव्हतं. 'ए टायरवाला' एवढीच त्याची ओळख होती. आगीवर मात्र लोक 'दिनाशेठ आला, दिनाशेठ आला' म्हणत वाट करून द्यायचे, आणि ते ऐकायला त्याला फार आवडायचं. यात लाजण्यासारखं काही नाही, पण तो लाजायचा.

सोनाबाईंना हे पथक डोळ्यांसमोर नको होतं. निदान त्या बोलायच्या तरी तसंच. ओटीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला त्या ऐकवायच्या, "लोकांच्या आगी इझवतंय माजा लेक. हा मना पन अर्धी जाळून पळंल, बगा तुमी."

दिनानाथने आईचा शब्द खाली पडू दिला नाही.

दहा दिवसांपूर्वी त्याने चितेला अग्नी दिला, खांद्यावरचं मडकं फोडलं, आणि कवटी फुटायची वाट बघत माणसं उभी असताना दिपेश कानाशी लागला. बंदराच्या रस्त्यावर एका ड्रायव्हरने ट्रेलरखाली स्टो पेटवून जेवण करायला घेतलं होतं, ताडपत्रीने पेट घेतला होता, आणि शेजारी कापसाच्या गाठींनी भरलेले दोन ट्रेलर उभे होते. दिनानाथ ओल्या पंच्यात, उघड्या अंगाने, तसाच टेम्पोवर चढला. ड्रायव्हर वाचला. त्याची मटकीची उसळ वाचली नाही. दिनानाथ परत स्मशानात आला तेव्हा चिता बसली होती, माणसं घरी गेली होती, आणि सोनाबाईंचा धाकटा भाऊ शिवदास एकटा दगडावर बसून होता. शिवदासमामा "झालं" एवढंच बोलला. त्यानंतर दहा दिवस तो भाच्याशी बोलला नाही.

दिनानाथला हे फार लागलं. मामाच्या अबोल्यापेक्षा त्याला दुसरीच गोष्ट खात होती. आईच्या चितेकडे पाठ फिरवताना आपल्या मनात शंकासुद्धा आली नाही, हे त्याला रोज रात्री आठवायचं, आणि मग झोप यायची नाही. रडूही यायचं नाही. शेजारपाजारच्या बायकांनी हेही पाहून ठेवलं होतं.

"काही इच्छा राहिली असेल त्यांची," भटजी घड्याळाकडे बघत म्हणाले. त्यांना पुढच्या गावात आणखी एक दहावा होता. "घरच्यांनी बोला. मनापासून बोला."

आधी दिनानाथची बायको केसर पुढे झाली. पदर पसरून म्हणाली, "आत्याबाय, तुमची म्हस आमी इकनार नाय. मरंपर्यंत सांभाळू." कावळ्याने मान दुसरीकडे वळवली. मग कुणीतरी तुळशीवृंदावन नवं बांधायचं कबूल केलं. कुणी म्हणालं, घरातली भांडणं मिटवू. सोनाबाईंचा जीव तळ्यावर होता हे आठवून गावच्या सरपंचाने तळ्यातला गाळ काढायचं वचन दिलं. त्यावर तर कावळ्यानेसुद्धा विश्वास ठेवला नाही.

मग शिवदासमामा उठला. गुडघ्यांवर हात टेकून सावकाश पायऱ्या उतरला आणि भाच्याच्या समोर येऊन उभा राहिला.

"दिना, तिला काय पायजे हाय ते सगल्या गावाला ठावं हाय," तो म्हणाला. दहा दिवसांतलं त्याचं हे पहिलं वाक्य होतं. "तुला एकट्यालाच कसं ठावं नाय?"

मामाने पिंडाकडे हात केला.

"तिची कवटी फुटली तवा तू मसनात नव्हतास. मी व्हतो. माजी बहीन तिथं जळत व्हती नि तू कुनाची ताडपत्री इझवत व्हतास. आता तिच्यासमोर बोल. पथक सोडलं म्हनून बोल. तिला जाव दे."

दिनानाथने सकाळीच केलेल्या तुळतुळीत डोक्यावरून हात फिरवला. मामा चुकीचं बोलतोय असं त्याला वाटेना. मग त्याने कमरेच्या करगोट्याला बांधलेली टेम्पोतल्या पंपाची चावी सोडली. आंघोळीतसुद्धा ती तो सोडत नसे. ती त्याने दिपेशच्या हातात ठेवली आणि पिंडासमोर हात जोडले.

"आये," तो म्हणाला, "मी पथक सोडतंय. यापुढं कोनाच्याच आगीवर जानार नाय. तुजी सपत."

बोलताना त्याचा आवाज जरा चिरकला. कावळा फांदीवर दोन उड्या मारून पुढे आला, खाली वाकला, पिंडाकडे नीट बघितलं, आणि चोच पुसून परत मागे सरकला.

"बोलन्यात जोर नव्हता," मागून कुणीतरी मत दिलं.

भटजींनी पिशवीतून दर्भ काढला आणि न विचारता कावळा वळायला घेतला.

"थांबा," मामा म्हणाला. "ती पयल्यापासून हट्टी हाय. बसू घटकाभर."

सगळे बसले. ती घटका भरायच्या आत दिपेशचा फोन वाजला. त्याने तो कानाला लावला, ऐकला, आणि वरच्या आळीकडे मान वळवली. सगळ्यांनीच वळवली. घरांच्या कौलांमागून काळपट पिवळा धूर सरळ वर चालला होता.

"मामा," दिपेश म्हणाला, "तुमच्या गोठ्यातून येतोय."

झालं होतं असं, की मामाने सकाळी गोठ्यात चिलटांसाठी तुसाची धुरी केली होती. रोजच करतो. रोज तो धुरी विझेपर्यंत बिडी ओढत तिथे बसतो. आज बहिणीच्या दहाव्याला उशीर नको म्हणून लवकर निघाला होता. गोठ्याच्या माळ्यावर सालभराचा पेंढा होता, आणि खाली गाभण गाय बांधलेली होती.

दिपेश आणि पथकातले बाकीचे तिघे शाळेमागच्या शेडकडे धावले. दिनानाथ जागचा हलला नाही. मांडी घालून, हात जोडून, पिंडाकडे बघत बसून राहिला. गाव त्याच्याकडे बघत राहिलं. त्याला आगीच्या वेळी बसलेलं कुणीच कधी पाहिलं नव्हतं.

पंप शेडमध्येच चालू करून मग निघायचं, असा पथकाचा नियम होता. आगीसमोर जाऊन पंप चालू झाला नाही तर लोक मारायला उठतात. त्यामुळे तळ्याच्या पायऱ्यांवर सगळ्यांना ऐकू येत होतं. दोरी ओढल्याचा आवाज, मग पंपाचा खोकला. पुन्हा दोरी, पुन्हा खोकला.

"चोक सोड," दिनानाथ पिंडाला म्हणाला.

पुन्हा दोरी. या वेळी खोकलासुद्धा नाही.

"प्यायला जादा पेट्रोल," तो पुटपुटला. "किती ओढशील चोक? सोड रे, सोड."

"दिना," मामा म्हणाला.

"काय मामा?"

"जा की रं!"

"सपत घेतली ना मामा आता."

"सपत घातली कोनी? मीच ना?"

"घातली तुमी. पन घेतली आयेसमोर."

मामाने धुराकडे बघितलं. धूर आता पिवळा राहिला नव्हता. मामाच्या तोंडचं पाणी पळालं होतं. सत्तरीचा माणूस, पण हात लहान मुलासारखे हलवायला लागला. "माजी गाय हाय रं आत," तो म्हणाला. "बांधलेली हाय. दिना, मी तुज्या पाया पडतंय. सपत गेली खड्ड्यात."

दिनानाथने पिंडाकडे बघितलं. आई आता काय म्हणाली असती ते त्याला शब्दन् शब्द पाठ होतं, आणि त्यात एकही चांगला शब्द नव्हता. वर कावळा होता तसाच बसून होता. आईच्या चितेवरून उठलो, आता पिंडावरून उठलो की आपल्याला या जन्मी माफी नाही, हे त्याला स्वच्छ कळत होतं. आणि हे कळत असतानाच आपण उभे आहोत हेही त्याच्या लक्षात आलं.

"आये, आलोच मी," तो म्हणाला आणि पळत सुटला.

शेडमध्ये त्याने चोक पूर्ण आत ढकलला, दिपेशच्या हातातून दोरी घेतली आणि पंप एका ओढीत चालू झाला. टेम्पो शाळेला वळसा घालून वरच्या आळीला लागला. मागून अख्खा दहावा धावत निघाला. केसर धावली, सरपंच धावला, मामा धावला. भटजी धोतराचा सोगा हातात धरून धावले. त्यांना खरं तर पुढच्या गावाला जायचं होतं, पण त्यांची मोटारसायकल त्याच वाटेवर लावलेली होती, आणि एवढ्या माणसांसमोर ती चालू करून उलट दिशेला जायचा त्यांना धीर झाला नाही.

आगीचं वर्णन करण्यात फार अर्थ नाही. पेंढा पेटतो तसा पेटला होता. माळा वरून जळत खाली येत होता आणि गाय आत हंबरत होती. दाराशी जाळ बघून ती बाहेर यायला तयार नव्हती. दिनानाथने मागे हात करून "फडकं!" म्हणून आरोळी ठोकली. सगळ्यात जवळ भटजींचं उपरणं होतं. त्याने ते ओढून बादलीत बुचकळलं, आत शिरला, गाईच्या डोळ्यांवर बांधलं, दावं कापलं आणि तिला ढुशा मारत बाहेर आणलं. दिपेशने दोघांवर पाणी मारलं. मग विहिरीपासून गोठ्यापर्यंत बादल्यांची रांग लागली. भटजी रांगेत मामाच्या आणि केसरच्या मधे उभे राहिले आणि शेवटपर्यंत हलले नाहीत. एकदा तर बादली हळू आली म्हणून ते सरपंचावर ओरडले.

गोठ्याचं छप्पर गेलं, पेंढा गेला. घराला झळ लागली नाही. गाय आंब्याखाली उभी राहून उपरण्याचं टोक चघळायला लागली, तेव्हा मामा खाली बसला आणि त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. "दिनाशेठ आला म्हनून वाचली," असं कुणीतरी म्हणालं. दिनानाथला आज ते ऐकून बरं वाटलं नाही. अंगावर पंचा, छातीभर काजळी, दंडाला एका जागी भाजलेलं. त्याला एकच गोष्ट दिसत होती, ती म्हणजे तळ्याची रिकामी पायरी.

सगळे परत तळ्याकडे निघाले. भटजी चालता चालताच दर्भ वळत होते.

पायरी रिकामी नव्हती. कृष्णाबाई तिथे बसून होत्या. सोनाबाई आणि त्या मिठागरात एकत्र पाट्या वाहायच्या, आणि पुढे आयुष्यभर शेजारी राहिल्या. त्यांचे दोन्ही गुडघे गेलेले असल्यामुळे आगीकडे धावायचा प्रश्नच नव्हता. डोक्यावर छत्री धरून त्या पिंडाकडे बघत बसल्या होत्या. पिंड मधोमध फुटला होता. अर्धा जागेवर नव्हता आणि शितं पायरीभर सांडली होती.

"शिवला," कृष्णाबाई म्हणाल्या.

भटजी वाकले. "कावळाच होता ना? शेळी, कुत्रं..."

"मंग काय मोर व्हता? डोळे हायत मना. गुडघे नायत."

"कवा शिवला?" मामाने विचारलं.

"टेम्पो शाळेकडना वळला तवा. हा हितं बसून व्हता तवर तो वरती बसून व्हता. हा उठून पळाला नि तो खाली आयला. घाई नाय, गडबड नाय. नीट जेवला नि गेला."

पायऱ्यांवर हळूहळू कुजबुज सुरू झाली. मामा काजळी लागलेल्या धोतराने कपाळ पुसत उभा राहिला. शपथेवर कावळा उतरला नव्हता, शपथ मोडल्यावर उतरला होता. याचा अर्थ काय लावायचा ते त्याला ठरवता येईना. शेवटी त्याने दिपेशकडे हात पसरला, चावी घेतली आणि भाच्याच्या पंच्याच्या गाठीत खोचली.

दिनानाथचं तिकडे लक्ष नव्हतं. "मावशी," तो म्हणाला, "मी उठून गेलो म्हनून ती रागावलीय, असं सगले बोलतात."

"रागवंल कशाला?" कृष्णाबाईंनी छत्री मिटली. "जेवताना तुला फोन आयला का तू ताट टाकून पळायचास. उष्टं फुकट जाव नको म्हनून ती तुजं ताट वढून घ्यायची. तुला पापलेटाचा मधला तुकडा वाढलेला असायचा. सोताच्या ताटात रोजचं डोकं नि शेपूट. दुसऱ्या दिवशी मना सांगायची, 'कृष्णे, काल कुठंतरी आग लागली गो. मी मधला तुकडा खाल्ला.'"

कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

"मना तं कवा बोलली नाय," दिनानाथ म्हणाला. "मना शिव्याच घालायची."

"बोलली असती तं तू तुकडा मुद्दाम ठेवून उठला असतास. तसा तिला नको व्हता."

दिनानाथ पायरीवर बसला. इतकी वर्षं आई आपल्यासमोर ताट घेऊन बसत होती आणि त्या ताटात काय आहे ते आपण एकदाही बघितलं नाही, हे त्याला तिथे बसल्यावर कळलं. मग त्याला रडू फुटलं. दहा दिवस न आलेलं रडू एकदम आलं, आणि तो गावासमोर, पथकासमोर, बायकोसमोर लाज सोडून मोठ्याने रडला. केसर त्याच्याकडे जायला निघाली, पण कृष्णाबाईंनी तिचा पदर धरून तिला थांबवलं. पथकातले चौघे तळ्याकडे तोंड करून उभे राहिले. भटजींनी दर्भ पिशवीत परत ठेवला.

शिवदासमामा गुडघ्यावर हात टेकून खाली बसला आणि काजळीने भरलेला हात त्याने भाच्याच्या डोक्यावर ठेवला.

"रड," तो म्हणाला. "हितं मी हाय. फोन आयला तं दिपेश जाईल."